निर्ण्याचे चौदा गुंठे

मी, विशाखा ज्ञानोबा दांडगे, वय एकोणतीस वर्षे तीन महिने, अविवाहित, नोकरी मोजणी कार्यालयात नकाशे काढण्याची, राहणार मैलूर, बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, दिवसाढवळ्या लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण अविवाहित बाईने जमीन घराबाहेर दिली की तिची बुद्धी तपासण्याची घरच्यांना घाई होते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचे प्रयत्न झाले. त्यांचा उल्लेख योग्य जागी येईल.

कार्यालयात मी कन्नड लिहिते. हा कागद मराठीत लिहिला, कारण आमच्या घरात भांडण मराठीत होते आणि भांडणाऱ्यांना दुभाषी लागू नये.

लिहिण्याचे कारण: माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. पुढच्या आठवड्यात हैदराबादला शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले की शंभरात ब्याण्णव रोगी चालत घरी जातात. ब्याण्णवांना मृत्युपत्र लागत नाही. हे उरलेल्या आठांसाठी आहे.

कलम १. माझ्या देहावर बौद्ध रीतीने, थोडक्यात, संस्कार करावेत. भाषणे नकोत. नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावू नये. त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसते.

कलम २. मैलूरचे दोन खोल्यांचे घर आई इंदिराबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर माझा मोठा भाऊ नागनाथ याला. पोस्टातली आणि भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक आईला. नागनाथला दोन मुली आहेत, राहायला भाड्याची खोली आहे आणि माझी काळजी आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून त्याच्याबद्दल पुढे जे लिहिले आहे ते त्याने रागाने वाचू नये. प्रेशर कुकर शोभावहिनींना. माझ्या तब्येतीची चौकशी करायला त्या दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी कुकरचीही चौकशी केली.

कलम ३. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, पितळी पट्टी आणि कंपासपेटी नागनाथच्या थोरल्या मुलीला, ती दहावी झाल्यावर. आधी दिल्यास पट्टीने पोळ्या लाटल्या जातील. मोजणीची साखळी सरकारी आहे, ती परत करावी. तिची एक कडी वाकलेली आहे. मला मिळाली तेव्हाही वाकलेली होती, याची पोच माझ्याकडे आहे.

कलम ४. माझ्या छातीचे क्ष-किरण फोटो, एकूण सात, उदगीरच्या त्या कुटुंबाला पाठवावेत ज्यांनी मुलगी पसंत करून नंतर 'काळजाची दुखणी घराण्यात चालत येतात' असा निरोप दिला. आत काय आहे ते त्यांनी एकदा नीट पाहावे.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

निर्णा शिवारात सर्व्हे नंबर एकशे अठरा, पोटहिस्सा तीन, क्षेत्र चौदा गुंठे, प्रत पोटखराबा, म्हणजे पिकाच्या कामाची नाही. पूर्वेस जुनी दगडाची खदान, दक्षिणेस बुजलेली विहीर, पश्चिमेस कडुनिंब, उत्तरेस पूर्वी गाडीवाट आणि आता डांबरी रस्ता. डांबर पडले त्या दिवसापासून ही जमीन बऱ्याच लोकांना आवडू लागली आहे.

ती मी पाच वर्षांपूर्वी शिवशरण यांच्याकडून विकत घेतली. शिवशरण हे कै. अमृतप्पा मुकादम यांचे चिरंजीव. खडकाळ तुकड्याला गिऱ्हाईक मिळाले म्हणून त्यांनी हसत हसत सही केली. खरेदीखत पत्र्याच्या पेटीत आहे. घेण्याचे कारण माझी एक चूक आहे, ती येथे नोंदवते.

१९८१ साली या तुकड्याची मोजणी माझ्याकडे आली. विहिरीपासून कडुनिंबाच्या रोखाने एका सरळ रेषेत अकरा दगड दिसले, वीत वीत वर आलेले. प्रत्येक दोन दगडांमधले अंतर तीन फूट एक इंच. कुठेही अर्ध्या इंचाहून जास्त फरक नाही. इतके सरळ आणि इतके सारखे म्हणजे कुंपण, असे माझे शिक्षण सांगत होते. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, "जुन्या कुंपणाच्या खांबांचे पायथे. निरुपयोगी." खाली सही करून तो दाखलही केला. अक्षर सुंदर आहे, कोणीही जाऊन पाहावे.

पूर्वी आमच्या गावात शिवेचा तंटा झाला की माझ्या आजोबांना बोलावीत. कोणता दगड कोणाचा हे महाराने सांगायचे आणि सांगून झाल्यावर लांब उभे राहायचे, अशी रीत होती. दीक्षा घेतल्यावर वडिलांनी ते काम सोडले. मी तेच काम सरकारी पगारावर पुन्हा धरले आणि पहिल्याच वर्षी अकरा दगड चुकीचे सांगितले.

चूक आईने काढली. आईला अक्षर येत नाही. रविवारी सकाळी मी घरी त्या नकाशावर शाई चढवत होते आणि ती शेजारी ज्वारी निवडत बसली होती.

"हे वाटोळं काय गं?"

"विहीर."

"आन हे झाड?"

"कडुनिंब."

"ह्या रेघा रेघा?"

"खदान. निर्ण्याची."

तिने सूप खाली ठेवले. "आन हे ठिपके?"

"कुंपण होतं जुनं."

"कुंपण न्हाई ते," आई म्हणाली आणि बोट टेकवून मोजू लागली. शाई ओली होती. ते डाग मूळ कागदावर अजून आहेत. दहाव्या ठिपक्यावर बोट थांबले. "हितं तुझा भाऊ हाय. पर मी व्हते तवर धाच व्हते. हे अकरावं कुणाचं?"

मला एकच भाऊ आहे अशी माझी चोवीस वर्षे समजूत होती.

आईने त्या दिवशी जे सांगितले ते असे. १९४३ चा हिवाळा. तेव्हा लढाई चालू होती. कोणाची कोणाशी हे तिला आजही सांगता येत नाही. तिला एवढेच माहीत आहे की त्या लढाईला सडक लागत होती आणि सडकेला निर्ण्याची खडी लागत होती. आसपासच्या गावांतून आमची माणसे वेठीला धरली. गडी आधीच दुसऱ्या कामावर नेलेले, म्हणून बायका धरल्या. ओल्या बाळंतिणींना सूट नव्हती. काम संपेपर्यंत घरी जायचे नाही. एखादी पळाली तर तिच्या सासऱ्याला आणून बांधायचे. तान्ही लेकरे झापाच्या एका छपरात ठेवीत आणि आयांना पाजायला दिवसातून दोनदा सोडीत. मधल्या वेळात लेकरे रडत, रडणे खदानीत ऐकू येई आणि आयांचे हातोडे थांबत. अमृतप्पा मुकादमाने यावर तोडगा काढला. लेकरे सांभाळायला एक पायाने अधू, तरणी विधवा ठेवली होती, गंगव्वा. तिच्या हातावर तो रोज सकाळी अफूच्या गोळ्या ठेवी. लेकरे शांत झाली. काही जरा जास्तच शांत झाली.

आईचे लेकरू दहावे. चार महिन्यांचे. त्याला मातीत ठेवल्यावर आई तापाने आडवी झाली आणि फुकट खाते म्हणून तिला गाडीत घालून गावी पाठवले. पुढचे तिला माहीत नाही. सडक मात्र वेळेत पुरी झाली. मुकादमाला कंत्राटदाराने चांदीचे कडे दिले, ते शिवशरणच्या घरी अजून मानाने दाखवतात.

अकरावे कोणाचे, हे विचारायला मी निर्ण्याला गेले. सोबत आमच्या कार्यालयातले, आता निवृत्त असलेले सिद्धलिंगप्पा होते. त्यांनी तीस वर्षे साखळी धरली आहे. गंगव्वा गावाच्या टोकाला, स्वतःच्या उंबऱ्यावर बसली होती.

"कोन गं तू?"

"इंदिराबाईची मुलगी."

"मारायला आलीस का इचारायला?"

"मोजायला."

"मग चल, अव्वा," ती म्हणाली आणि काठी टेकत उठली.

जागेवर गेल्यावर मी तिची काठी मोजली. तीन फूट एक इंच. "ही नवी हाय, पर जुनीच्याच मापाची," ती म्हणाली. "काठी आडवी टाकायची आन म्होरला खड्डा घ्यायचा. न्हाई तर कुनाचं कुठलं, कळंल का मागनं? त्यांच्या आया कवा तरी इचारायला येतील म्हनलं." अडतीस वर्षांत विचारायला मी पहिली आले होते. सिद्धलिंगप्पांनी मान खाली घालून टोपी काढली. अंतराच्या बाबतीत सांगते की इतकी अचूकता मला प्रशिक्षित माणसांकडूनही मिळालेली नाही.

दर दगडाशी थांबून तिने आईचे नाव घेऊन लेकरू सांगितले. मी लिहून घेतले. अकराव्याशी ती थांबली नाही, पुढे जाऊन कडुनिंबाखाली बसली.

"आणि हे?" मी विचारले.

"ती माझी. गोळी समद्यास्नी सारखीच दिली."

घरी आल्यावर मी आईला सांगू लागले. "त्या बाईचं नाव उंबऱ्याच्या आत नको," आई म्हणाली. मी आज्ञाधारक मुलगी आहे. पाच वर्षे नाव घेतले नाही. त्यामुळे आईच्या 'अकरावं कुणाचं' या प्रश्नाचे उत्तरही राहिले. गोळी देणारा आणि देववणारा हे माझ्या मते दोन वेगळे रकाने आहेत. आईच्या कागदावर एकच रकाना आहे, आणि तिथे दुरुस्ती करण्याचा मला अधिकार नाही.

माझा स्वतःचा शेरा दुरुस्त करावा म्हणून मी तीन अर्ज दिले. उत्तर आले की शेरा संबंधित कर्मचाऱ्याच्या सहीचा आहे, सबब कर्मचाऱ्याची चूक असल्याचा पुरावा कर्मचाऱ्याच्या वरिष्ठामार्फत द्यावा. कर्मचारी मीच. वरिष्ठ रजेवर आहेत. सरकारी कागदावर ते अजून कुंपण आहे.

आता दबावाबद्दल. गेल्या महिन्यात शिवशरण मला पाहायला आले. सफरचंदे आणली होती. त्यांना तो तुकडा मंगल कार्यालयासाठी परत हवा आहे.

"ताई, लग्नं लागतील तिथं. पुण्याचंच काम की. वाटल्यास लेकरांच्या नावानं दाराशी एक फरशी बसवू."

"कोणत्या नावानं?" मी विचारले.

"म्हणजे... सगळ्यांच्या मिळून."

"आणि अफूच्या डबीसाठी कोनाडा?"

त्यांनी सफरचंदांकडे पाहिले. परत न्यावीत की नाही याचा विचार चालला असावा. न्यायला लावली.

ते गेल्यावर नागनाथ बोलला. त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे अन्याय होणार नाही. "मेलेल्या लेकरास्नी चौदा गुंठे कशाला? जित्याला छप्पर न्हाई. तू कामून आसं करायलीस? तुझं आपरेशन हाय, मन मोकळं ठिवावं मान्सानं." मन मोकळे ठेवणे आणि जमीन मोकळी करणे यांतला फरक मी त्याला समजावला. त्याला पटला नाही.

वडील हयात नाहीत, म्हणून मी मृत्युपत्राशिवाय मेले तर कायद्याने जमीन आईकडे जाईल. आई नागनाथला आजपर्यंत नाही म्हणालेली नाही आणि तिला वाचता येत नाही. महिन्याभरात पाया खोदला जाईल, आणि सगळ्यात आधी ते अकरा दगड निघतील. ते निरुपयोगी असल्याचा माझ्याच सहीचा दाखला आहे. हे होऊ नये एवढ्यासाठीच मी हा कागद लिहीत आहे. बाकीची कलमे सौजन्य म्हणून लिहिली.

सबब ही जमीन मी त्या लेकरांच्या कुटुंबांना, आज हयात असलेल्या प्रत्येक वारसाला, समाईक आणि अविभक्त देत आहे. अकरापैकी दहा कुटुंबांना. अकराव्याबद्दल खाली लिहिले आहे. पाच वर्षे रजेच्या दिवशी फिरून मी यादी केली. एकूण सत्त्याऐंशी माणसे निघाली: निर्णा, मैलूर, करजगी, उदगीर, सोलापूरच्या गिरण्या, हैदराबादची बांधकामे. तीन राज्ये. त्यांत आई आणि तिच्यामागे नागनाथही आहे. त्याला वगळलेले नाही.

वकील रामराव म्हणाले, "बाई, एवढे मालक म्हणजे जमिनीचा सत्यानाश. कोणी विकू शकणार नाही, कोणी बांधू शकणार नाही." त्यांना वाटले मला हे माहीत नाही. मी पाच वर्षे अशाच जमिनींचे नकाशे काढते. दोन भाऊ असलेले शेत विकले जाते. नऊ चुलत भाऊ असलेले शेत आमच्या तालुक्यात अजून विकले गेलेले नाही. येथे तर सत्त्याऐंशी. एखाद्याने फक्त स्वतःचा हिस्सा विकायचा म्हटले तर विकावा. तो सरासरी एकशे पंचाहत्तर चौरस फूट भरतो. त्यात नवरानवरी उभी राहतील, वऱ्हाडाला डांबरी रस्त्यावर थांबावे लागेल. वाटणीचा दावा लावायचा असेल तर सत्त्याऐंशी नोटिसा बजावाव्या लागतील, आणि त्या पोचेपर्यंत वारस दीडशे झालेले असतील. ज्या गोष्टीने या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेताची माती झाली, तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

अटी थोड्या आहेत. दगड हलवू नयेत. त्यांना शेंदूर लावू नये. शेंदूर लागला की देव होतो, देव झाला की पुजारी येतो, पुजाऱ्यामागून पेटी येते. निळा रंगही लावू नये. रंग लागला की समिती होते आणि समितीला अध्यक्ष लागतो. कमान, पुतळा, उद्घाटन यांपैकी काहीही करू नये. वर्षातून एकदा, ज्याला सवड असेल त्याने, गवत कापावे.

लेकरांची यादी विहिरीकडून कडुनिंबाकडे अशी परिशिष्टात दिली आहे. चौघांना नाव नाही, कारण बारावा दिवस उजाडला नाही. उदाहरणार्थ पाचवी, भागाबाईची मुलगी, नऊ दिवस. अशा ठिकाणी मी रकाना रिकामा ठेवला आहे. तो कोणीही भरू नये. नाव ठेवण्याचा हक्क आयांचा होता आणि त्या दिवशी त्या खडी फोडत होत्या. दहावा, मारोती, इंदिराबाईचा मुलगा, चार महिने. हा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा आहे. अकरावी, गंगव्वाची मुलगी, सात महिने, नाव महादेवी.

गंगव्वाने हिस्सा नाकारला. "मी दिली गोळी. मला जमीन कशाची?" असे म्हणाली. मी दोनदा विचारले. म्हणून तिला या मृत्युपत्राची साक्षीदार केले आहे. वकिलांनी साक्षीदार शिकलेला घ्या असे सुचवले. मी सांगितले की त्या जागेवर शिकलेली मी गेले होते आणि मी कुंपण लिहून आले.

व्यवस्था पाहण्यासाठी सिद्धलिंगप्पा काशप्पा यांना नेमते. त्यांचे वय साठ आहे. माझ्या झडपेपेक्षा त्यांच्या गुडघ्यांवर माझा जास्त भरवसा आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याची संधी मिळाल्यास हेच पुन्हा लिहीन.

वरील सर्व मजकूर आज सकाळी मैलूरच्या घरी मोठ्याने वाचून दाखवला. हजर: आई, नागनाथ, सिद्धलिंगप्पा आणि गंगव्वा. गंगव्वा उंबऱ्याबाहेर बसली होती. कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहिण्याची गरज नाही. सत्त्याऐंशीच्या आकड्याला नागनाथ "हे काय करायलीस गं" म्हणाला आणि नंतर थोडा हसला, हे त्याच्या बाजूने नोंदवते. 'अकरावी, गंगव्वाची मुलगी' हे वाचल्यावर आईने थांबायला सांगितले.

"परत वाच."

मी परत वाचले.

"सात महिन्याची?"

"हो."

"माझ्या मागनं गेली?"

"आठ दिवसांनी," उंबऱ्याबाहेरून गंगव्वा म्हणाली.

मी पुढचे वाचले.

सह्यांच्या वेळी अडचण आली. साक्षीदार अंगठा करत असेल तर तिला ओळखणाऱ्या एका माणसाची खूण घेण्याची वकिलांची सूचना होती. सिद्धलिंगप्पा तिला फक्त पाच वर्षांपासून ओळखतात. मी त्यांचे नाव लिहायला घेतले तेव्हा आईने शाईची गादी स्वतःकडे ओढली. पुढे आहे ते तिने सांगितले तसे लिहिले आहे. भाषा सुधारलेली नाही.

ठिकाण: मैलूर, बीदर. दिनांक ११ ऑक्टोबर १९८६.

मृत्युपत्र करणार: विशाखा ज्ञानोबा दांडगे (सही)

साक्षीदार पहिला: सिद्धलिंगप्पा काशप्पा, राहणार मैलूर (सही, कन्नडमध्ये)

साक्षीदार दुसरी: गंगव्वा, वय अंदाजे त्र्याहत्तर, राहणार निर्णा (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठ्याची ओळख देणार: इंदिराबाई ज्ञानोबा दांडगे (डाव्या हाताचा अंगठा). "ह्या बाईला मी त्रेचाळीस सालापासून वळखते. हिची महादेवी माझ्या मारोतीच्या बाजूला हाय. हिनं आता आत येऊन बसावं."